रेशीम किड्यांचे आकस्मिक मृत्यू व त्यांचे निदान

रेशीम किड्यांच्या संगोपनात शेतकऱ्याचे मन ज्या प्रसंगी सर्वांत अधिक खचते, तो प्रसंग बहुधा पाचव्या अवस्थेत ओढवतो. रात्री पाला टाकतेवेळी किडे नेहमीप्रमाणे खात असतात. हजारो तोंडे एकाच वेळी चालत असल्यामुळे होणारा पावसाच्या सरीसारखा आवाज शेडच्या दारापर्यंत ऐकू येत असतो. पहाटे दार उघडावे तो आवाज नाही, टाकलेला पाला जसाच्या तसा पडलेला आणि रॅकवर निम्मे किडे वेडेवाकडे होऊन पडलेले. कोषांसाठी चंद्रिका धुऊन-वाळवून तयार ठेवलेल्या कुटुंबास हे दृश्य पाहून काय वाटत असेल, याची कल्पना गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केलेली बरी. कारण अशा वेळी पहिला निरोप त्यांच्याकडेच येतो.

शंभर अंडीपुंजांच्या पिकात सुमारे ४० ते ५० हजार किडे असतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोष बांधीपर्यंत हे किडे जेवढा पाला खातात, त्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला एकट्या पाचव्या अवस्थेत खाल्ला जातो. म्हणजे या अवस्थेत पीक गेले तर तुतीच्या बागेचे खत-पाणी, फांद्या तोडण्याची मजुरी, चॉकीचा खर्च आणि घरच्या माणसांचे तीन आठवड्यांचे श्रम हे सर्व आधीच खर्ची पडलेले असते. हाती मात्र काही लागत नाही.

अशा वेळी तीन मते ऐकू येतात. शेतकरी म्हणतो, अंडीच खराब आली. घरातील मंडळी म्हणतात, शेजाऱ्याने उसावर औषध मारले. पाहावयास आलेला कार्यकर्ता घाईघाईने सांगतो की रोग पडला, पावडर टाका. तिन्ही मते कधी ना कधी खरी ठरतात. परंतु तिन्ही कारणांवरील उपाय निरनिराळे आहेत. पाला विषारी असताना शेड धुऊन उपयोग नाही, आणि शेडमध्ये रोगाचे बीज असताना शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही. आणखी एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. रोगाने पछाडलेल्या रेशीम किड्यास बरे करणारे औषध व्यवहारात नाही. गाईम्हशीस सुई टोचून बरे करावे, तसा प्रकार येथे नाही. यास्तव निदान करावयाचे ते मेलेल्या किड्यासाठी नव्हे. रॅकवर अद्याप जिवंत असलेल्या किड्यांसाठी आणि त्याच शेडमध्ये पुढे घ्यावयाच्या पिकासाठी.

निदानात घाई केल्याने थोरामोठ्यांचीही कशी अडचण होते, याचे उदाहरण या धंद्याच्या इतिहासातच आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात फ्रान्समधील रेशीम धंदा रोगामुळे बुडावयास आला, तेव्हा १८६५ साली लुई पाश्चर यांस त्या देशाच्या दक्षिण भागातील आलेस या गावी पाठविण्यात आले. पाश्चर हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. रेशीम किड्यांशी त्यांचा पूर्वी संबंध आलेला नव्हता. किड्यांच्या अंगावर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसत, म्हणून त्या रोगास पेब्रीन हे नाव पडले होते. परंतु अंगावर ठिपके नसलेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेब्रीनचे कण न आढळणारे किडेही मरत होते. एकाच रोगाचे म्हणून जे मृत्यू मोजले जात होते ते वस्तुतः दोन रोगांचे होते, एक पेब्रीन व दुसरा फ्लॅचरी, हे ध्यानात येण्यास काही वर्षे गेली. दोहोंची फारकत झाल्यावरच उपायाची वाट मोकळी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या शेडमध्येही एकाच वेळी दोन कारणे असू शकतात, हे विसरू नये.

मेलेल्यांपेक्षा जिवंत किडे आधी पाहावेत

शेडमध्ये गेल्यावर कार्यकर्त्याचे लक्ष साहजिकच काळ्या पडलेल्या, दुर्गंधी सुटलेल्या किड्यांकडे जाते. येथेच पहिली चूक होते. किडा कोणत्याही कारणाने मेला तरी काही तासांत त्याच्या पोटातील जंतू वाढतात, शरीर मऊ पडते, काळे होते व सडते. असे शव पाहून निदान केल्यास प्रत्येक वेळी उत्तर एकच येईल, ते म्हणजे फ्लॅचरी. आणि पुष्कळ ठिकाणी ते तसेच दिले जाते. सडलेला किडा काहीही सांगत नाही. जो किडा आता मरत आहे किंवा तासाभरापूर्वी मेला आहे तोच उपयोगाचा. मस्कार्डीनने मेलेला किडा मात्र यास अपवाद आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

रॅकच्या वरच्या, मधल्या व खालच्या कप्प्यांतून, तसेच दाराजवळील व कोपऱ्यातील जागेवरून दहा-पंधरा आजारी किडे वेचून कागदावर ठेवावेत. शेजारीच तितकेच निरोगी दिसणारे किडे ठेवावेत. तुलनेशिवाय नुसत्या वर्णनाने डोळा तयार होत नाही. नंतर शेतकऱ्यास विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत, पण ते त्या वेळीच विचारले पाहिजेत. मृत्यू पहिल्याने केव्हा दिसले? एका रात्रीत की चार दिवसांपासून थोडेथोडे? सर्व रॅकवर की काहींवर? शेवटचा पाला बागेच्या कोणत्या बाजूचा होता? किडे कातेवरून उठल्यास किती दिवस झाले? गेल्या दोन दिवसांत शेडमध्ये, गोठ्यात किंवा शेजारच्या शेतात काय फवारले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या खेपेस "काही नाही" असेच येते. घरातील स्त्रियांस व पाला तोडणाऱ्या मजुरांस तोच प्रश्न वेगळा विचारावा. खरी हकिगत बहुधा त्यांच्याकडूनच कळते.

काळाचे कोष्टक मनात पक्के असावे. रोग वाढण्यास दिवस लागतात. प्रथम चार किडे, मग चाळीस, मग चारशे असा त्याचा क्रम असतो, आणि सुरुवात बहुधा लहान, मागे राहिलेल्या, दुबळ्या किड्यांपासून होते. विषबाधेस तास पुरतात. तीत चांगले धष्टपुष्ट किडे आधी पडतात; कारण पाला त्यांनीच अधिक खाल्लेला असतो. एका रात्रीत शेडचा मोठा भाग गेला असेल तर रोगाचे नाव घेण्यापूर्वी पाल्याचा विचार करावा.

विषबाधा

ऊसपट्ट्यातील तुतीच्या बागांना या कारणाचा धोका विशेष आहे. रेशीम किडा ही शेवटी एक अळी आहे. अळ्या मारण्यासाठी तयार केलेले प्रत्येक औषध तीस मारक आहे, आणि शेकडो पिढ्या माणसाच्या हातून खाऊन वाढलेल्या या किड्यात रानातील किडीइतकी सहनशक्ती राहिलेली नाही. उसावरील खोडकिडीसाठी सर्रास वापरले जाणारे क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल हे औषध माणसास व जनावरांस तुलनेने सौम्य समजले जाते, त्यामुळे शेतकरी ते निर्धास्तपणे हाताळतो. परंतु रेशीम किड्यास त्याची अत्यल्प मात्राही घातक ठरते आणि पाल्यावर त्याचा अंश दीर्घकाळ टिकतो. मे-जून महिन्यांत वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, तेव्हा बांधावरील कडुनिंब व बाभळीवर सायंकाळी कीटकनाशक फवारले जाते. त्याचे तुषार वाऱ्याबरोबर तुतीवर येऊन बसतात. आता ड्रोनने फवारणी होऊ लागल्यापासून तर तुषार अधिक बारीक झाले आहेत व अधिक दूर जातात.

औषधाच्या जातीप्रमाणे लक्षणे थोडी बदलतात. सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधांनी किडा डोके इकडेतिकडे झटकतो, तोंडावाटे हिरवा रस ओकतो, अस्वस्थ होऊन धावतो आणि शेवटी आखडून लहान होतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी शरीराला पीळ पडतो, किडा कुशीवर लोळतो व ओकतो. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोलने मात्र धावपळ दिसत नाही. किडा लुळा पडतो, खाणे सोडतो आणि एक-दोन दिवस तसाच पडून आक्रसत जातो. हे शेवटचे लक्षण रोगासारखे वाटत असल्याने फसगत होते. पूर्वी तुतीवरील किडींसाठी डायक्लोरव्हॉस फवारून सुमारे पंधरा दिवसांनी पाला वापरण्याचा सल्ला देण्यात येत असे. या औषधावर २०२० सालाच्या अखेरीपासून देशात बंदी आहे. तथापि घराच्या कोपऱ्यात जुनी बाटली अद्याप सापडते, आणि सापडल्यावर वापरलीही जाते.

तंबाखूचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे जरूर आहे. निपाणीचा तंबाखूचा पट्टा कागल तालुक्यास लागून आहे. तंबाखूच्या शेतालगतच्या तुतीच्या पानांत निकोटिनचा अंश उतरतो व तो पाला खाल्ल्यावर किडे पुढचा निम्मा भाग उचलून, मान मागे टाकून, निश्चल बसतात. बाधा हलकी असेल व चांगला पाला मिळाला तर काही किडे सावरतात. शेतापेक्षाही जवळचे कारण तळहातावर असते. तंबाखू-चुना मळलेल्या हाताने चॉकीतील बारीक किड्यांवर पाला कातरून टाकला जातो आणि मग ट्रेमधील किडे का मेले याचा शोध बाहेर चालतो. ज्या घरात हे व्यसन आहे तेथे चॉकीचे काम दुसऱ्याने करावे, निदान साबणाने हात धुतल्याखेरीज शेडमध्ये जाऊ नये. हे सांगताना कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खिशात पुडी असू नये.

तीच गोष्ट गोठ्याची. म्हशीच्या अंगावरील गोचिडांसाठी लावलेले औषध त्याच हातांनी, त्याच कपड्यांनी शेडमध्ये येते. डासांसाठी लावलेली कॉइल, भिंतीतील विजेच्या खटक्यावर लावलेली डास मारण्याची बाटली, मुंग्यांसाठी रॅकच्या पायाशी टाकलेली पावडर यांपैकी कशानेही किडे मरतात. तणनाशकासाठी वापरलेला पंप धुऊन त्यातूनच शेडचे निर्जंतुकीकरण करणे ही चूकही वारंवार होते. वीटभट्टीच्या धुरातील फ्लोराइड पानांवर बसून किड्यांस अपाय झाल्याचे चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळून आलेले आहे. पंचगंगेच्या काठी वीटभट्ट्या व तुती जेथे जवळजवळ आहेत तेथे हे ध्यानात ठेवावे. मात्र या बाधेत एका रात्रीत किडे मरत नाहीत. त्यांची वाढ खुंटते आणि सांध्यांवर काळसर वळी उमटतात.

आणखी एका प्रकारचे विष सजीव आहे. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता या संशोधकाने रेशीम किड्यांच्या अचानक कोसळून मरण्याचा अभ्यास केला व त्यास कारण असणारा एक जिवाणू वेगळा काढला. त्या रोगास तेथे सोत्तो, म्हणजे एकाएकी कोसळणे, असे नाव मिळाले. पुढे जर्मनीत बर्लिनर यांनी त्याच जिवाणूस १९१५ साली बॅसिलस थुरिंजिएन्सिस असे नाव दिले. आज बी.टी. या नावाने घाटेअळीवर व कोबीवरील अळीवर जी जैविक औषधे फवारली जातात ती याच जिवाणूपासून बनतात. जैविक औषध म्हणजे निरुपद्रवी, असा समज शेतकऱ्यांत दृढ आहे. रेशीम किड्यापुरता तो सर्वस्वी चुकीचा आहे. तुतीच्या बागेत किंवा तिच्या वाऱ्याच्या बाजूस ही औषधे फवारू नयेत.

विषबाधेचा संशय पडताळून पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. समजा, हातकणंगले तालुक्यातील एका शेडमध्ये तीन रॅक आहेत. पैकी दोहोंवरील किडे पडले व तिसऱ्यावरील सुखरूप आहेत. चौकशीत असे निघते की तिसऱ्या रॅकवर विहिरीकडील ओळींचा पाला टाकला होता आणि बाकी दोहोंवर उसालगतच्या ओळींचा. येथे निम्मे निदान झालेच. उरलेले निम्मे असे करावे : उसालगतच्या ओळींतील व विहिरीकडील पाला वेगवेगळा तोडून, निरोगी वीस-वीस किडे दोन वेगळ्या ट्रेमध्ये घेऊन, एकास एक पाला व दुसऱ्यास दुसरा द्यावा आणि एक दिवस पाहावे. बागेत फिरून खालीही नजर टाकावी. बांधावर मधमाश्या, ढालकिडे, प्रार्थनाकीटक किंवा कोळी मरून पडलेले असतील तर फवारणी तेथपर्यंत पोहोचली यास तो भक्कम पुरावा समजावा. पानाची टोके वळून पेल्यासारखी झाली असतील तर उसातील तणांवर मारलेल्या २,४-डी चा संशय घ्यावा.

बाधा झाल्याचे कळताच रॅकवरील सर्व पाला ताबडतोब काढावा, खिडक्या-दारे उघडून हवा खेळती करावी, किडे जाळीवर घेऊन स्वच्छ जागी हलवावेत व खात्रीचा ताजा पाला थोडाथोडा द्यावा. बाधा हलकी असल्यास काही किडे वाचतात. शेजाऱ्यांशी बोलणी मात्र संगोपन सुरू होण्यापूर्वीच करावयास हवीत. फवारणीचा दिवस आदल्या दिवशी कळविण्याचे शेजाऱ्याने कबूल केले तर त्या बाजूचा पाला आधी तोडून घेता येतो किंवा तो त्या पिकास न वापरता ठेवता येतो. किडे मेल्यानंतरच्या बोलण्याला भांडणाचे स्वरूप येते व त्यातून काही निष्पन्न होत नाही.

ग्रासरी

रोगांपैकी उन्हाळ्यात सर्वांत अधिक नुकसान करणारा रोग ग्रासरी हा होय. तो एका विषाणूमुळे होतो. या रोगाचा किडा एका जागी बसत नाही. सर्व किडे कातेवर बसले असता तो मात्र बसत नाही. ट्रेच्या किंवा रॅकच्या कडेने फिरत राहतो. त्याची कातडी तकतकीत व ताणलेली दिसते, अंगावरील वळ्यांमधील भाग बांबूच्या पेरांसारखे फुगतात, आणि कातडी इतकी नाजूक होते की बोट लागताच फुटून दुधासारखा गढूळ रस बाहेर येतो. पुष्कळदा किडा मागच्या पायांनी कडेस लटकून, डोके खाली करून मरतो.

परीक्षा सोपी आहे. पोटाकडील एका मांसल पायाचे टोक बारीक सुईने टोचावे. निरोगी किड्याचे रक्त स्वच्छ, किंचित पिवळसर व पाण्यासारखे निघते. ग्रासरीत ते पांढरे व गढूळ असते. दोन्ही थेंब काळ्या पाटीवर शेजारीशेजारी ठेवल्यास शाळेतील मुलासही फरक कळतो. मात्र परीक्षेनंतर सुई जाळावर धरावी आणि हात धुवावेत; कारण त्या एका थेंबात विषाणूचे असंख्य कण असतात व ते शेडच्या भेगांत, चंद्रिकेवर व जमिनीत दीर्घकाळ टिकून राहतात. कडेवर लटकून फुटलेला एक किडा खालच्या सर्व कप्प्यांवर रोग सांडतो, हे लक्षात घेतले म्हणजे असे किडे रोज, दर पाला टाकण्यापूर्वी वेचून काढण्याचे महत्त्व कळेल. वेचलेले किडे चुन्याच्या व ब्लीचिंग पावडरीच्या द्रावणात टाकावेत. अंगणात टाकल्यास कोंबड्या ते खातात आणि विष्ठेवाटे रोग पुन्हा शेडच्या दारात आणतात.

चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडमधील दुपारचे तापमान व रात्रीचा गारवा यांत मोठा फरक पडतो. प्रौढ किड्यांना २४ ते २६ अंश सेल्सियस तापमान मानवते. तापमानाचे हे हेलकावे, दाटी, व अतिकोवळा किंवा सुकलेला पाला यांमुळे दबून असलेला रोग उफाळतो. पत्र्यावर उसाचे पाचट अंथरून त्यावर पाणी शिंपडण्याची युक्ती या जिल्ह्यात कोणासही परवडणारी आहे.

फ्लॅचरी व मस्कार्डीन

फ्लॅचरी म्हणजे एक रोग नसून पोटाच्या बिघाडांचा समूह आहे. त्यात जिवाणू व विषाणू दोहोंचा हात असतो. किडा सुस्त होतो, पाल्यापासून दूर सरकतो, विष्ठा पातळ होते किंवा लेंड्या माळेसारख्या एकमेकींस चिकटून पडतात, छातीकडील भाग अर्धपारदर्शक दिसतो, आणि मेल्यावर शरीर मऊ पडून काळपट होते. मागे ओला पाला, आंबलेला बिछाना किंवा कोंडलेली हवा यांपैकी काहीतरी सापडतेच. महापुरानंतर हा रोग विशेष दिसतो. पंचगंगेला २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये पूर आला, तेव्हा नदीकाठच्या शेतांत पिकांवर गाळ बसला होता. गाळ बसलेला तुतीचा पाला धुऊन टाकणे हा तोडगा नव्हे. धुतलेला पाला ओला राहतो आणि गाळ पानाच्या खालच्या बाजूस शिल्लक राहतो. अशा बागेची छाटणी करून नवीन फूट येईपर्यंत पीक घेऊ नये.

मस्कार्डीन ओळखण्यास सर्वांत सोपा. हा बुरशीजन्य रोग आहे. मेलेला किडा सडत नाही. तो काही तासांत ताठ होतो आणि एक-दोन दिवसांत त्याच्यावर खडूसारखा पांढरा थर येतो. सूक्ष्म जीवामुळे प्राण्यास रोग होतो हे प्रथम सिद्ध झाले ते याच रोगावरून. इटलीतील आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ साली ते प्रसिद्ध केले व त्यांच्याच नावावरून या बुरशीस बव्हेरिया बॅसियाना असे म्हणतात. संशय असल्यास नुकताच मेलेला किडा ओल्या कापसासह काचेच्या झाकणबंद बाटलीत ठेवून, बाटली शेडपासून दूर ठेवावी. दोन-तीन दिवसांत पांढरी बुरशी दिसली तर शंका राहत नाही. बाटली शेडमध्ये उघडू नये. आतील किडा जाळून टाकावा.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांत पावसाळाभर हवा दमट व थंड असते, तेव्हा या रोगास अनुकूल काळ असतो. शिरोळ-हातकणंगल्याकडे तो हिवाळ्यातील धुक्याच्या दिवसांत डोके वर काढतो. येथेही ऊसशेतीशी एक गाठ आहे. हुमणीवर बव्हेरिया व मेटारायझियम या बुरश्या शेणखतातून देण्याची शिफारस आहे आणि ती उसाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु ते शेणखत शेडच्या पडवीत कालवू नये, आणि तुतीच्या बागेस देऊ नये. दमट दिवसांत बिछान्यावर चुन्याची भुकटी धुरळून तो कोरडा ठेवणे व दारे-खिडक्या उघडून हवा खेळविणे हाच रोग रोखण्याचा मार्ग आहे.

पेब्रीन व उझी माशी

पेब्रीनचे नाव फार सैलपणे घेतले जाते. हा रोग मादीच्या पोटातून अंड्यांत उतरतो, म्हणून अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रांत प्रत्येक मादी पतंगाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करण्याची पद्धत पाश्चरपासून चालत आलेली आहे. "रोगमुक्त अंडीपुंज" या शब्दांचा अर्थ एवढाच की ते पेब्रीनपासून मुक्त आहेत. ग्रासरी किंवा मस्कार्डीन त्या पिकास होणार नाही, अशी हमी त्यात नसते. शेतकऱ्याची अंड्यांविषयीची तक्रार पुष्कळदा या गैरसमजातून येते. पेब्रीन एका रात्रीत मारीत नाही. पहिल्या दुसऱ्या अवस्थेपासूनच किडे लहानमोठे होतात, सर्व एकाच वेळी कातेवर बसत नाहीत, काहींच्या अंगावर काळे ठिपके येतात. असे चित्र सुरुवातीपासून असेल तरच पेब्रीनचा संशय घ्यावा. मग मात्र क्षणाचाही विलंब न लावता जिल्हा रेशीम कार्यालयास कळवावे. निश्चित निदान सूक्ष्मदर्शकाखेरीज होत नाही, आणि चूक झाली तर त्याच बीजाचे किडे घेणाऱ्या इतर गावांवर तिचा परिणाम होतो.

उझी माशीचा प्रादुर्भाव १९८० साली कर्नाटकात शिरला. तत्पूर्वी ही माशी बंगालकडे होती व कोषांच्या वाहतुकीबरोबर दक्षिणेत आली. किड्याच्या अंगावर पांढरे बारीक अंडे व नंतर त्या जागी काळा डाग दिसतो. खिडक्या-दारांस बारीक जाळी व दारापुढे छोटी मोकळी खोली असेल तर ही माशी आत येत नाही. पुष्कळ शेडमध्ये जाळी असते, पण खालच्या कोपऱ्यात फाटलेली.

नमुना व नोंद

जेथे निर्णय होत नसेल तेथे नमुना पाठवावा. सडलेले किडे पाठवू नयेत. आजारी पण जिवंत असे वीस किडे व तितकेच निरोगी, वेगवेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, भोके पाडून, थोड्या पाल्यासह द्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्यास कोल्हापुरास पोहोचेपर्यंत वाफेने किडे गुदमरतात व तपासणारास फक्त गुदमरण्याचे निदान करता येते. विषबाधेचा संशय असल्यास पाला कागदात वेगळा गुंडाळून, त्यावर ओळींची जागा, तोडल्याची तारीख व शेजारील पीक लिहावे. शेडमध्ये दोराने बांधलेली वही असावी. तीत रोजचे तापमान, पाला कोणत्या बाजूचा, किडे कातेवर बसल्याची व उठल्याची वेळ आणि वेचलेल्या मृत किड्यांची संख्या एवढेच लिहावे. मृत्यूंची संख्या रोज लिहिली तर रोगाची चढण चौथ्या दिवशी दिसते; न लिहिल्यास ती दहाव्या दिवशी दिसते.

रोगाने पीक गेल्यास बिछाना, विष्ठा व मेलेले किडे बागेत खत म्हणून पसरू नयेत. शेडपासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. विषबाधेने गेलेल्या पिकाचा बिछानाही तुतीस देऊ नये. रोगट पिकानंतर शेड, रॅक व चंद्रिका प्रथम पाण्याने धुऊन मग २ टक्के ब्लीचिंग पावडर व ०.३ टक्के विरलेला चुना यांच्या ताज्या द्रावणाने फवारावीत. जमीन व भिंतीचा खालचा भाग चांगला भिजला पाहिजे. ब्लीचिंग पावडरीची पिशवी महिनाभर उघडी पडलेली असेल तर तिच्यातील क्लोरीन निघून गेलेला असतो. उग्र वास येत नसेल तर ती घेऊ नये. पुढील पिकात प्रत्येक कातेनंतर, पाला देण्यापूर्वी सुमारे अर्धा तास, विजेता किंवा तत्सम शिफारशीची भुकटी किड्यांच्या अंगावर पातळ कापडातून धुरळावी. किडे पाला खात असताना किंवा कातेवर बसलेले असताना ती टाकू नये. विषबाधेनंतर मात्र या सर्वांऐवजी रॅक व ट्रे साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत, आणि संशयित ओळींचा नवा पाला वीस किड्यांवर तपासून पाहिल्याखेरीज नवीन चॉकी आणू नये.